वेदश्रीची बारीक रेघ

वेदश्री मुतालिक एका जागी स्वस्थ बसली आहे, असं तिच्या आईनंही फारसं पाहिलेलं नव्हतं. जेवताना तिचा पाय हलायचा, अभ्यासाला बसली की बोटांत पेन फिरायचं, आणि पाहुण्यांपुढे नेऊन बसवली तर टीपॉयवरचं मासिक कडेला समांतर करण्यातच तिचा निम्मा वेळ जायचा. वडील धारवाडच्या शाळेत मराठीचे मास्तर. ते म्हणायचे, "हिच्या पायाला भिंगरी आहे ते ठीक, पण डोळ्यालाही आहे." घरातला एखादा ड्रॉवर अडकत असला तर बाकीची माणसं त्याला सवयीनं कोपर मारून मोकळी होत. ही मात्र ड्रॉवर बाहेर काढून, त्याच्या कडांना मेणबत्ती घासून परत बसवल्याशिवाय चहाला शिवायची नाही. असं माणूस घरात असलं की उपयोगही होतो आणि तापही होतो.

शिक्षण झालं हुबळीत, विद्यानगरात. धारवाडहून रोज बसनं जायचं नि यायचं, आणि बसमध्येही ही दर दोन थांब्यांनी जागा बदलायची. इंजिनियरिंग संपलं तेव्हा वर्गातली निम्मी पोरं बंगळूरला गेली, काही जण कॉम्प्युटरांतला सन दोन हजारचा घोळ निस्तरायला थेट अमेरिकेला गेले. वेदश्री गेली गोकुळ रोडला. तिथं एका लेथच्या वर्कशॉपवर दोन खोल्यांत रवीअण्णांची कंपनी होती. कंपनी म्हणजे स्वतः रवीअण्णा, चार कॉम्प्युटर आणि खालचं लेथ सुरू झालं की थरथरणारी टेबलं. रवीअण्णा तिला म्हणाले, "मोठ्या कंपनीत तुला एक स्क्रू देतील आवळायला. इथं अख्खी गाडी तुझी." एवढ्यावर बाई भाळली.

पहिली अख्खी गाडी मिळाली ती बाळाचार्य वकिलांच्या कामाची. वकिली सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. आता धारवाडच्या कोर्टाजवळ त्यांची भाषांतराची कचेरी होती. खानापूर-अळणावर बाजूच्या जुन्या घराण्यांची खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं मराठीत, आणि कोर्टाला ती हवीत कन्नडमध्ये. लोक मूळ कागद एक रात्रही दुसऱ्याकडे ठेवायला तयार नसत. भाषांतर हातात पडेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहत आणि टाइप करणाऱ्या बाईच्या बोटांकडे टक लावून बघत. यावर रवीअण्णांनी तोड काढली. कागद स्कॅन करून घ्यायचा, माणसाला घरी पाठवायचं, आणि मग पडद्यावर डाव्या विंडोत मूळ मराठी कागद ठेवून उजव्या विंडोत कन्नड टाइप करायचं. हा प्रोग्रॅम वेदश्रीनं लिहिला आणि त्याला 'दुभाषी' असं नाव दिलं.

दुभाषीच्या विंडोंच्या कडा तिनं स्वतः आखल्या. नेहमीच्या प्रोग्रॅमांच्या जाड, करड्या चौकटी तिला ओबडधोबड वाटायच्या. तिनं कड ठेवली एका ठिपक्याची, केसाएवढी. कागद रुंद असला की डावी विंडो ओढून मोठी करायची, अरुंद असला की आत सारायची. त्यासाठी माऊसचा बाण नेमका त्या रेघेवर न्यायचा, तो दोन तोंडांचा झाला की बटण दाबून धरायचं आणि ओढायचं. वेदश्रीला हे बोलता बोलता जमायचं. रवीअण्णांनी पडदा बघितला आणि म्हणाले, "पुस्तक छापल्यासारखं दिसायलंय की गं!" त्या दिवशी ती बसमध्ये धारवाडपर्यंत एकाच जागी बसून आली म्हणतात. खरं-खोटं तिची आई जाणे.

बाळाचार्यांच्या कचेरीत दोघी जणी होत्या. नवी सुनिता, विशीतली, फटाफट काम करणारी. आणि अंबूताई. अंबूताईंनी पन्नाशी ओलांडली होती. लग्न झालेलं नव्हतं, आणि का झालं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. टाइपरायटरच्या काळापासून त्या त्या कचेरीत होत्या. 'सदरहू', 'चतुःसीमा', 'वंशपरंपरागत' असले शब्द कन्नडमध्ये आणताना त्यांचा हात अडत नसे. मालमड्डीत हेमावतीबाईंच्या माडीवर त्यांची एक खोली होती. खोलीत एक कॉट, एक गॅसची शेगडी, एक रेडिओ, आणि दाराला आतून लावायची कडी. ती कडी त्यांची स्वतःची होती, हे त्या सगळ्यांना सांगत. धाकटा भाऊ अळणावरला लाकडाच्या वखारीत कारकून होता, भावजय बोलायला धारदार. अंबूताई म्हणायच्या, "भावाच्या दारात पाहुणी म्हणून शंभर वेळा जाईन. बिऱ्हाड घेऊन एकदाही जायची नाही." ही खोली कचेरीतल्या खुर्चीवर उभी होती. खुर्ची गेली की खोली जाणार, आणि खोली गेली की अळणावर.

नव्व्याण्णवच्या ऑगस्टमध्ये अंबूताईंचा फोन आला. "वेदा, तुझी ती रेघ मला धरता येईना झालीय बघ."

वेदश्री पुढच्याच बसनं गेली. पाहते तर अंबूताईंचा बाण रेघेच्या अलीकडे थांबायचा, मग पुढे सरकायचा तो थेट पलीकडे जायचा. परत मागे, परत पुढे. चार-पाच वेळा असं झालं की त्यांचा हात थरथरायला लागायचा, आणि थरथरला की ते आणखीच जमायचं नाही. शेवटी कन्नडची विंडो मराठी कागदावर निम्मी चढलेली तशीच ठेवून त्या काम करायच्या. एक ओळ वाचायची, विंडो मागेपुढे करायची, चार शब्द लिहायचे, पुन्हा मागेपुढे. वेदश्रीनं माऊस त्यांच्या हातातून घेतला, एका झटक्यात रेघ पकडली, विंडो ओढून दाखवली आणि म्हणाली, "हे बघा, असं." प्रोग्रॅम लिहिणारी माणसं हे असंच करतात. स्वतःला जमतं ते जगाला जमलंच पाहिजे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

मग तिचा जीव खाली पडेना. दोन दिवसांनी पुन्हा गेली, माऊस उघडला, पोटातली गोळी पुसली, आतला मळ नखानं खरवडून काढला. चार दिवसांनी नवा माऊस नेला. मग बाणाचा वेग कमी केला, मग मऊ पॅड नेलं, मग टेबलाची उंची बदलायला लावली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार. प्रत्येक वेळी अंबूताई निमूट नवं साहित्य हातात घेत, आणि प्रत्येक वेळी बाण रेघेच्या अलीकडून पलीकडे उडी मारी. काम तुंबायला लागलं. सुनिता चार कागद उरकायची तेव्हा अंबूताईंचा एक जेमतेम व्हायचा.

सप्टेंबर संपता संपता बाळाचार्यांनी वेदश्रीला आपल्या टेबलाशी बोलावलं. माणूस दुष्ट नव्हता, पण कोर्टाच्या तारखा त्याच्या मानगुटीवर होत्या. "वेदश्री, एक सरळ सांग. दोष प्रोग्रॅमात आहे की हातात?"

अंबूताई तीन हातांवर पाठमोऱ्या बसून टाइपरायटरवरचं कापड घडी करत होत्या. वेदश्रीनं क्षणभरही विचार केला नाही. "प्रोग्रॅम ठीक आहे, काका. हाताचं आहे ते. वयानं थोडं होतंच."

"मग दिवाळीच्या पाडव्यापर्यंत बघू," बाळाचार्य म्हणाले. "नाहीच जमलं तर पाडव्यानंतर सुनिता एकटी सांभाळेल. अंबूताईंनी पुष्कळ केलं, आता विश्रांती घेऊ देत."

परतीच्या बसमध्ये वेदश्री खिडकीपासून दारापर्यंत तीनदा फिरली. 'नाचता येईना, अंगण वाकडं' असं मनाशी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते टोचलं. कुठंतरी अडकलेला ड्रॉवर होता, आणि तो सापडत नव्हता. घरी आईनं चिवडा भाजायला बसवलं तर तिनं तो करपवला.

नवरात्र बसायच्या सुमाराला ती उगाचच कचेरीत गेली आणि या वेळी सुनिताच्या मागं उभी राहिली. सुनिता रेघेला हात लावतच नव्हती. तिनं कन्नडची विंडो अख्ख्या पडद्यावर पसरली होती. मूळ कागदाकडे एकदा नजर टाकायची आणि मग नेहमीचा मायना धाडधाड टाइप करत सुटायची.

"तू विंडो लहान-मोठी करत नाहीस?"

"छे गं अक्का," सुनिता हसली. "ते कुणाला जमतंय? पहिल्याच आठवड्यात मी नाद सोडला. नावं नि गट नंबर चुकतात कधी कधी, काका दुरुस्त करतात."

म्हणजे ज्या कडेचा तिला एवढा अभिमान होता, ती तिच्याखेरीज कुणीच कधी धरलेली नव्हती. अंबूताई एकट्या सांगितल्याप्रमाणे काम करायला बघत होत्या, म्हणून मागं पडत होत्या. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते सारवलं होतं हिनंच. हे तिला तिथंच कळलं, आणि कळल्यावरही तिनं कुणाला काही सांगितलं नाही. आधी दुरुस्त करू, मग बोलू, असं तिनं ठरवलं. हुशार माणसांचं हे एक असतंच.

गोकुळ रोडला येऊन ती रवीअण्णांना म्हणाली, "कड जाड करायला पाहिजे."

रवीअण्णांनी कपाळाला हात लावला. बेळगावचे एक वकील दिवाळीनंतर दुभाषी बघायला येणार होते. "आता जाड करतेस? बैलगाडीची साटी दिसेल ती! त्या छापील रूपावर तर गिऱ्हाईक भाळायलंय. बेडा मारायती, बेडा," असं म्हणून त्यांनी कन्नडमध्येच नन्नाचा पाढा लावला. खरं सांगायचं तर वेदश्रीला ते ऐकून आतून बरंच वाटलं. रेघ तिलाही सोडवत नव्हती.

तिनं मधला मार्ग काढला. रेघ दिसायला केसाएवढीच, पण तिच्या दोन्ही अंगांना आठ-आठ ठिपक्यांचा न दिसणारा पट्टा. बाण त्या पट्ट्यात कुठंही आला की रेघ हाताला लागणार. स्वतःच्या टेबलावर झकास चाललं. खालचं लेथ चालू असतानाही झकास चाललं. फ्लॉपी घेऊन ती धावत कचेरीत गेली, दुभाषीत बदल घातला आणि अंबूताईंना म्हणाली, "आता बघा."

अंबूताईंनी ओळीच्या सुरुवातीचं एक अक्षर दुरुस्त करायला बाण तिथं नेला आणि बटण दाबलं. अक्षर विंडोच्या कडेला चिकटून होतं, म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात. विंडो सर्रकन डावीकडे पळाली. अंबूताई दचकल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा विंडो पळाली. त्यांनी हात माऊसवरून उचलला आणि पदराखाली घेतला.

"आधी धरायला गेलं तर येत नव्हती. आता नुसतं अक्षराला शिवलं तर पळायलीय," त्या हळूच म्हणाल्या. "इर्लि बिडु, वेदा. जाऊ दे. माझंच हाताचं काहीतरी आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात कंपावर."

"गोळ्या कशाला घेताय!" वेदश्री जवळजवळ ओरडलीच. तिनं जुनं होतं तसं करून दिलं आणि बसस्टँडवर न थांबता चालतच घराकडे निघाली. कड जाड करावी तर रवीअण्णा नको म्हणतात, न दिसणारी करावी तर अक्षरं गिळते. आणि पाडवा जवळ यायला लागला होता.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी लेथपासून लेखणीपर्यंत सगळ्यांची पूजा होते. बाळाचार्यांच्या कचेरीतही दरवर्षी टाइपरायटरला हार पडायचा, आणि यंदा कॉम्प्युटरचा मान पहिला. पूजेचं काम अंबूताईंचं. बाळाचार्यांनी झेंडूचा भला मोठा हार मॉनिटरच्या डोक्यावरून सोडला. त्यानं काचेचा वरचा भाग पार झाकला, म्हणून अंबूताईंनी गंध-कुंकू लावलं ते खाली, काचेच्या उजव्या कोपऱ्यात. ओल्या गंधावर कुंकवाचं चांगलं रुपयाएवढं बोट उमटलं.

दसरा झाल्यावर वेदश्री तिथं गेली. हार निघाला होता, कुंकू तसंच होतं. काचेवर डाग बघितल्यावर तिचा हात आपोआप रुमालाकडे गेला.

"पुसू नकोस!" अंबूताईंनी तिचं मनगट धरलं. "पूजेचं कुंकू पुसतात काय? झडेल आपोआप."

वेदश्री स्टुलावर टेकली आणि पाय हलवत त्यांचं काम बघत बसली. अंबूताईंनी नवा कागद उघडला. कन्नडची विंडो नेहमीसारखी मध्येच आडवी आली होती. अंबूताईंनी ती वरच्या पट्टीला धरून खाली उजवीकडे नेली, तिचा कोपरा कुंकवाला भिडला. मग त्यांनी बाण थेट कुंकवापाशी नेला. बाण दोन तोंडांचा झाला. त्यांनी बटण दाबलं, विंडो ओढून लहान केली, हवी तिथं ठेवली आणि टाइप करायला लागल्या. हात थरथरला नाही.

वेदश्रीचा पाय हलायचा थांबला. "हे कसं केलंत?"

"काय कसं? तिथं कुंकू आहे की. कोपरा कुठं आहे ते दिसतंय."

"पुन्हा करा."

त्यांनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. वेदश्रीनं त्यांचा चष्मा मागून घेतला, स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि पडद्याकडे पाहिलं. पांढऱ्या कागदावर पांढरी विंडो, आणि मधली रेघ कुठंच नव्हती. इतके दिवस अंबूताई आंधळी कोशिंबीर खेळल्यासारख्या चाचपडत होत्या, आणि चाचपडणारा हात थरथरणारच. हात ठणठणीत होता. डोळ्याला रेघ दिसत नव्हती. कोपऱ्यात तर वेदश्रीनं धरायची जागा सुरुवातीपासूनच चांगली ऐसपैस ठेवली होती, कारण लिहायला ते सोपं पडलं होतं. फक्त ती तिथं आहे हे दाखवणारी एकही खूण तिनं ठेवली नव्हती. खूण कशाला, सगळं स्वच्छ दिसायला नको का?

"अंबूताई, गोळ्या बंद करा," असं म्हणून ती उठली. चष्मा डोळ्यांवरच होता, तो परत द्यायला तिला दारातून मागं यावं लागलं.

गोकुळ रोडला तिनं रवीअण्णांना विचारलं नाही. कड काडीएवढी जाड केली, तिला गडद निळा रंग दिला, आणि प्रत्येक विंडोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक लालसर, खडबडीत त्रिकोण बसवला. धरायची जागा कडेच्या आतच राहील आणि अक्षरांवर येणार नाही, असं बघितलं. सगळ्याला एक दुपार लागली. रवीअण्णांनी मागून येऊन पडदा पाहिला आणि म्हणाले, "हे काय, विंडोला कुंकू लावलीस?" तिनं त्यांचा हात धरून माऊसवर ठेवला आणि त्यांना त्यांचा नंबरचा चष्मा काढायला लावला. चष्म्याशिवाय रवीअण्णांना जुनी रेघ सापडेना आणि नवा त्रिकोण एका दमात सापडला. मग त्यांनी बेळगावच्या वकिलांचं नाव काढलं नाही.

वसुबारसेच्या सकाळी दुभाषीची नवी आवृत्ती कचेरीत चढली. बाळाचार्य अंबूताईंच्या खुर्चीमागं हात बांधून उभे राहिले. अंबूताईंनी एक लांबलचक वाटणीपत्र उघडलं, डावी विंडो ओढून रुंद केली, उजवी आत सारली, आणि जुन्या टाइपरायटरच्या तालात सुरू झाल्या. जेवायच्या सुट्टीपर्यंत पत्र पूर्ण झालं आणि त्यात एकही गट नंबर चुकला नव्हता. सुनितानंही कोपरा धरून पाहिला आणि "अय्यो, एवढं सोपं?" म्हणाली. बाळाचार्य घसा खाकरून म्हणाले, "अंबूताई, पाडव्याचं मी बोललो होतो ते विसरा." आणि आत निघून गेले.

वेदश्रीला आनंदानं टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. तिनं अंबूताईंकडे पाहिलं. त्या हसल्या, पण ते हसू ओठांपुरतंच होतं.

"खुर्ची राहिली," त्या म्हणाल्या. "खोली गेली की गं. हेमावतीबाईंना सोडते म्हणून सांगून टाकलंय. पाडव्याला भाऊ टेम्पो घेऊन यायलाय."

पुढचे चार दिवस वेदश्रीच्या पायांची भिंगरी कुणाला थांबवता आली नाही. ती आधी हेमावतीबाईंकडे गेली. त्यांनी चहा दिला, हळहळ व्यक्त केली आणि म्हणाल्या, "नव्या जोडप्याला नवरात्राआधीच शब्द दिलाय बाई. त्यांनी भांडीसुद्धा आणून ठेवलीत. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू?" ती मालमड्डीच्या गल्ल्या फिरली, स्टेशन रोडच्या माड्या चढली. कुठं "एकट्या बाईला नको," कुठं "आजारी पडल्या तर कुणी बघायचं?" कुठं खोली होती पण नळ नव्हता. शेवटी तिनं आईला पटवलं आणि आपल्या घरची मागची खोली देऊ केली.

अंबूताईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "सख्ख्या भावाच्या घरी राहायचं मला जड जातंय. तुमच्याकडे काय हलकं जाणार आहे?"

पाडव्याला टेम्पो आला. कॉट, शेगडी, रेडिओ वर चढले. वेदश्री टेम्पोमागं उभी राहून दोर पुन्हा पुन्हा आवळत होती, ड्रायव्हरनं शेवटी तो तिच्या हातातून काढून घेतला. बैल गेला नि झोपा केला, हे तिच्या वडलांच्या वर्गात मुलांना शिकवायचं वाक्य तिला तेव्हा उभं-आडवं कळलं.

पुढं वेदश्रीचं सगळं नीटच झालं, तसं पाहिलं तर. दुभाषी बेळगावला गेला, कोल्हापूरला गेला. दोन हजार चार साली ती बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीत लागली, आणि तिथल्या पोरांशी विंडोच्या कडेवरून तिची भांडणं ठरलेली. ती म्हणायची बारीक आहे, ते म्हणायचे सगळं जग अशीच ठेवतंय. कुठलाही नवा प्रोग्रॅम हातावेगळा करण्याआधी ती दुसऱ्याचा चष्मा मागून घ्यायची आणि वापरणाऱ्या माणसाच्या खुर्चीत जाऊन बसायची. लोक हसायचे. ती खुर्चीतही पाय हलवत बसायची. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगीही तशीच चळवळी निघाली. पण वेदश्रीची गोष्ट सांगायची तर या सगळ्यापेक्षा सन दोन हजारच्या जानेवारीतली एक सकाळ सांगायला हवी.

त्या सकाळी ती धारवाड स्टेशनवर अंबूताईंची वाट बघत होती. अंबूताई आता रोज अळणावरहून सकाळच्या गाडीनं येत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. थंडी होती. गाडी आली, अंबूताई शाल गुंडाळून, डबा छातीशी धरून उतरल्या. त्या दोन महिन्यांत वाळल्या होत्या. वेदश्रीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी पुलाकडे चालू लागल्या.

"भावजय कशी आहे?"

"तिचं काय, तिचं घर आहे," अंबूताई म्हणाल्या. "स्वयंपाकघरात निजते मी. पहाटे उठावंच लागतंय, त्यामुळे कुणाला अडचण नाही."

पुलाच्या पायऱ्या चढताना त्यांना दम लागला. वेदश्री दोन पायऱ्या पुढं जायची, पुन्हा दोन खाली यायची. शेवटी तिला राहवलं नाही. कित्येक दिवस मनात असलेलं तिनं विचारून टाकलं.

"अंबूताई, काकांनी तुम्हाला पाडव्यापर्यंतची मुदत दिली होती. मग हेमावतीबाईंना दसऱ्याच्या कितीतरी आधीच का सांगितलंत? थोडं थांबायचं की."

अंबूताईंनी कठड्याला हात टेकला आणि तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर वेदश्रीला सोसलं असतं.

"कशाला थांबू? काकांनी तुला विचारलं, तेव्हा मी तिथंच बसले होते की. तू म्हटलीस, प्रोग्रॅम ठीक आहे, हाताचं आहे. त्याच संध्याकाळी मी हेमावतीबाईंकडे गेले. तू शिकलेली पोरगी, प्रोग्रॅम तूच लिहिलेलीस. म्हटलं, वेदा सांगायलीय म्हणजे नीट बघूनच सांगत असेल."